शिक्षा झाली, पण हक्काचे काय?

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तालुक्याच्या गावातील एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवीत होतो. नववीच्या वर्गातील एका मुलाने दुसऱ्याची प्रयोगवही उचलून शाळेमागच्या पाण्याच्या हौदात टाकली. भांडणाचे कारण इतके क्षुल्लक होते की ते आज मला आठवतही नाही. वहीत वर्षभराचे प्रयोग होते, आकृत्या होत्या, माझ्या सह्या होत्या. सारी शाई पाण्यात विरघळून गेली. मी अपराध्याला वर्गासमोर उभे केले, त्याच्या हातावर सहा छड्या मारल्या आणि पुढचा पाठ सुरू केला. वर्ग चिडीचूप झाला होता. न्याय झाला, असे मला मनापासून वाटले.

चार दिवसांनी ज्याची वही भिजली होती त्याचे वडील शाळेत आले. एसटी स्टँडसमोर त्यांचे सायकल दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. दुकान तसेच टाकून ते आले असावेत, कारण हाताला ग्रीस लागलेले होते. ते तक्रार घेऊन आले आहेत असे समजून मीच आधी सांगून टाकले, की त्या मुलाला चांगला मार दिला आहे, तुम्ही काळजी करू नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, मार दिलात ते तुमचं काम. पण वही कोण लिहून देणार?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचा मुलगा रात्री जागून स्वतःच ती वही पुन्हा लिहीत होता आणि दिवसा वर्गात पेंगत होता. पेंगल्याबद्दल मी त्यालाही एकदा रागावलो होतो. ज्याने वही हौदात टाकली तो मात्र मधल्या सुट्टीत मित्रांना तळहातावरचे वळ दाखवीत हिंडत होता. त्याच्या लेखी हिशेब मिटला होता. सहा छड्या ही त्या वहीची किंमत होती आणि ती त्याने रोख चुकती केली होती.

त्या सायकलवाल्या गृहस्थांचा प्रश्न मी तेव्हापासून बाळगून आहे. शाळेत गैरवर्तन करणाऱ्या मुलाला त्याच्या कृत्याचा परिणाम शिकवावा, यावर सर्वांचे एकमत असते. परंतु परिणाम म्हणजे नेमके काय, हे आपण फारसे पाहत नाही. वही हौदात टाकण्याचा परिणाम हा, की एका मुलाचे वर्षभराचे काम नष्ट झाले आणि त्याला रात्री जागाव्या लागल्या. छडी हा त्या कृत्याचा परिणाम नव्हता, तो माझ्या रागाचा परिणाम होता. मुलगा छडी शिकला, परिणाम शिकलाच नाही. आणि छडी काय शिकवते? पुढच्या वेळी वही टाकताना सरांनी पाहता कामा नये, एवढेच.

मराठीत 'शिक्षण' आणि 'शिक्षा' हे दोन्ही शब्द शिकण्याचा अर्थ असलेल्या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. आपल्या शेजारच्या हिंदीत 'शिक्षा' म्हणजे विद्याच. आपल्याकडे त्या शब्दाच्या वाट्याला केवळ दंड आला. अरबीत मुलाला वळण लावण्यासाठी 'तादीब' हा शब्द आहे आणि तो 'अदब' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. अदब म्हणजे प्रत्येकाशी त्याच्या हक्काला आणि मानाला शोभेल असे वागणे. ज्या तादीबमधून अदब उत्पन्न होत नाही तिला ते नाव शोभत नाही. ही शब्दांची कसरत नाही, कारण पुढे जे मांडायचे आहे ते सारे यातच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील एक लहानसा प्रसंग या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. सहीह बुखारीमध्ये तो हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आला आहे. प्रेषित (स.) आपल्या एका पत्नीच्या घरी होते, काही सहाबीही उपस्थित होते. दुसऱ्या पत्नीने सेवकाच्या हाती एका पात्रातून जेवण पाठविले. ज्यांच्या घरी प्रेषित होते त्यांना ते सहन झाले नाही. त्यांनी हाताचा फटका मारला, पात्र पडले आणि फुटले. पाहुण्यांसमोर असे घडल्यावर कोणीही यजमान संतापला असता. प्रेषितांनी खाली बसून पात्राचे तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न त्यात जमविले आणि आईला गैरत वाटली एवढेच उपस्थितांना सांगितले. ज्यांच्या हातून चूक घडली त्यांची इज्जत त्यांनी अशा प्रकारे राखली. मात्र सेवकाला त्यांनी तसाच परत जाऊ दिला नाही. ज्या घरात पात्र फुटले त्या घरातील एक अखंड पात्र आणवून त्याच्या हाती दिले आणि फुटलेले पात्र त्याच घरात ठेवून घेतले.

या प्रसंगात रागाचा एक शब्द नाही, तरीही कोणाचा हक्क बुडालेला नाही. आपल्या शाळांत नेमके याच्या उलट घडते. रागाचे शब्द भरपूर असतात, अपमान सर्वांसमक्ष असतो, आणि ज्याचे पात्र फुटले तो रिकाम्या हाताने घरी जातो.

फिक्हच्या ग्रंथांत हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत आढळते. अज्ञान बालक, झोपलेला मनुष्य आणि बुद्धी हरपलेला मनुष्य या तिघांवरून लेखणी उचलली आहे, या आशयाची हदीस सर्वांना ठाऊक आहे. बालकाच्या नावावर गुन्हा लिहिला जात नाही, त्याला हद्दची सजा नाही. परंतु त्याच बालकाने कोणाच्या मालाची नासधूस केली तर नुकसानभरपाई, म्हणजे 'जमान', त्याच्यावर येते. त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून ती पालकाने अदा करावी, असे फकीहांनी सांगितले आहे. कारण लेखणी उचलली गेली ती अल्लाहच्या हक्काच्या बाबतीत. शेजाऱ्याचे मडके फुटले ते फुटलेच, फोडणारा सात वर्षांचा होता म्हणून ते सांधले जात नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. शरीअतने मुलाला गुन्हेगार मानले नाही, पण भरपाई माफ केली नाही. आम्ही शिक्षकांनी काय केले? मुलाला गुन्हेगार ठरवून वर्गासमोर उभे केले आणि भरपाई माफ करून टाकली. ती माफ करण्याचा अधिकार आम्हाला दिला कोणी? वही माझी नव्हती.

येथे 'हुकूकुल इबाद'चा, म्हणजे माणसांच्या परस्परांवरील हक्कांचा विषय येतो. तौबेच्या अटी सांगताना उलमांनी तीन गोष्टी सर्व गुनाहांसाठी सांगितल्या आहेत. गुनाह सोडून द्यावा, त्याचा पश्चात्ताप वाटावा आणि तो पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. मात्र गुनाह दुसऱ्या माणसाविरुद्ध असेल तर चौथी अट जोडलेली आहे: त्याचा हक्क परत करावा किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये तौबेच्या प्रकरणाच्या प्रारंभीच हे मांडले आहे. दिवाळखोर कोण, या विषयीची सहीह मुस्लिममधील हदीसही तेच सांगते. नमाज, रोजे, जकात घेऊन आलेला मनुष्य कयामतच्या दिवशी कंगाल ठरेल, कारण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल, आणि त्याची पुण्याई त्या सर्वांत वाटली जाईल. त्या यादीत 'मारणे' आहे, हे आम्ही शिक्षकांनी जरा सावकाश वाचले पाहिजे.

आता ज्या आक्षेपाची मला खात्री आहे त्याकडे वळतो. सात वर्षांच्या मुलाला नमाजचा हुकूम करावा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारावे, ही सुनन अबू दाऊदमधील हदीस पुढे करून अनेक सज्जन म्हणतात, की मार हे तर आपले धार्मिक साधनच आहे. हदीस आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण ती पुरती वाचावी. सात ते दहा या 3 वर्षांत, दिवसाला 5 नमाज या हिशेबाने, पाच हजारांहून अधिक वेळा प्रेमाने बोलावल्यानंतर ती गोष्ट येते, आणि तीही पालकाच्या संदर्भात. आम्ही शिक्षक ती पाचव्या मिनिटाला आणतो. शिवाय फकीहांनी या मारावर इतक्या मर्यादा घातल्या, की त्या सर्व पाळल्या तर छडी बहुधा खुंटीलाच टांगलेली राहील. चेहऱ्यावर मारायचे नाही, इजा होता कामा नये, राग आलेला असताना हात उगारायचा नाही. तेराव्या शतकातील थोर फकीह इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम (रह.) यांनी तर या वादाचा निकालच लावला आहे. सौम्य माराने जो मुलगा सुधारत नाही त्याला कठोर मार देणे वैध नाही, म्हणून कठोर मार नाही. आणि सौम्य माराचा उपयोग नाही, म्हणून तोही नाही. उपयोग हीच त्याची वैधता होती, उपयोग गेला की वैधता गेली.

रागाविषयी उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचा प्रसंग जुन्या शिक्षणविषयक ग्रंथांत मुद्दाम दिलेला आढळतो. एका माणसाला फटके मारण्याचा आदेश त्यांनी दिला आणि ऐन वेळी त्याला सोडून देण्यास सांगितले. कारण विचारता, आपल्या मनात राग आढळला आणि रागाच्या भरात मारणे आपल्याला रुचले नाही, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते खलीफा होते आणि समोर प्रौढ मनुष्य होता. माझ्यासमोर चौदा वर्षांचा पोर होता. त्या सहा छड्यांतील किती त्या वहीसाठी होत्या आणि किती माझा पाठ मोडला म्हणून होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही.

ट्यूनिसचे इब्ने खल्दून यांनी 1377 मध्ये पूर्ण केलेल्या 'मुकद्दिमा'त एक स्वतंत्र प्रकरणच विद्यार्थ्यांवरील कठोरपणाच्या हानीवर लिहिले आहे. जुलमाखाली वाढलेले मूल मनाने संकोचते, त्याचा उत्साह जातो, ते आळशी बनते, आणि हाताच्या भीतीने मनात एक व ओठांवर दुसरे असे वागू लागते. कपट हा हळूहळू त्याचा स्वभाव होतो. त्यांनी ही गोष्ट मुलांपुरती ठेवली नाही. जुलमाखाली राहिलेल्या कौमांचीही अशीच अवस्था होते, असे त्यांचे निरीक्षण आहे. कठोरपणाला त्यांनी जागाच ठेवलेली नाही असे नाही, पण ती अगदी शेवटची आहे आणि मोजून तीन फटक्यांपुरती आहे. समाजशास्त्राचा हा प्रवर्तक वर्गखोली आणि साम्राज्य यांना एकाच तराजूत तोलतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

देशाच्या कायद्याने तर हा प्रश्न आता बाजूलाच केला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. आमच्यातील काही संस्थाचालक येथे हळूच सांगतात, की 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा यातून वगळल्या आहेत, आणि 2014 च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा अधिनियम लागू नसल्याचे म्हटले आहे. अल्पसंख्याक संस्थांची स्वायत्तता ही मोलाची घटनात्मक देणगी आहे. पण ती मुलांना मारण्याची सवलत म्हणून वापरावी, इतकी ती स्वस्त आहे काय? जो धर्म दयेसाठी पाठविलेल्या प्रेषिताचा आहे, त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेने या बाबतीत कायद्याच्या दोन पावले पुढे असायला हवे होते.

छडी गेली म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही. तिच्या जागी जे आले त्यातील बरेचसे तिचीच भावंडे आहेत. दंडाची पावती फाडली जाते, पण मुलाच्या खोडीचे पैसे बाप भरतो आणि मूल कोरडेच राहते. एकाने बाक मोडला म्हणून साऱ्या वर्गाला उन्हात उभे केले जाते, जेव्हा की कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही हा कुरआनचा वारंवार आलेला सिद्धान्त आहे. धडा दहा वेळा लिहायला लावतात, त्यामुळे लेखन ही विटाळाची गोष्ट होते. शेवटी दाखला हातात देऊन मुलाला दुसऱ्या शाळेच्या दारात सोडतात, म्हणजे रोग बरा न करता रोग्याचे गाव बदलतात.

यात दोन प्रकार मला विशेष खटकतात. पहिला आपल्या घरचा आहे. काही ठिकाणी शिक्षा म्हणून नफील नमाज पढायला लावतात किंवा एखादी सूरह पाठ करायला देतात. हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण ज्या सजद्यात मनुष्य आपल्या पालनकर्त्याच्या सर्वांत निकट असतो तो सजदा मुलाच्या मनात दंड म्हणून नोंदला गेला, तर ती नोंद पुसायला किती वर्षे लागतील?

दुसरा प्रकार शौचालय साफ करायला लावण्याचा. वरवर पाहता हा श्रमसंस्कार वाटतो. प्रत्यक्षात मुलाला कळते ते असे, की हे काम अपमानाचे आहे, म्हणून तर ते मला दिले. मग रोज ते काम करणाऱ्या माणसाबद्दल तो काय शिकला? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवीत, त्यांची अंथरुणे आवरीत आणि मळके कपडे धूत. मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. तेथे झाडू कोणाच्याही हातात सजा म्हणून आलेला नव्हता. अर्थात ज्याने भिंतीवर चितारले त्याने ती भिंत धुवावी, हे वेगळे. ती भिंत त्याच्या कृत्याचा भाग आहे, शौचालय नाही. कृत्य आणि भरपाई यांच्यात मुलाला दिसेल असा धागा असला पाहिजे. तो नसेल तर उरते ती केवळ शिक्षकाची सत्ता.

सूरह जिलजालमध्ये कयामतचे वर्णन करताना कणभर भल्याचा आणि कणभर बुऱ्याचा उल्लेख येतो तो सर्वांना पाठ असतो. त्याच्या आधीच्या आयतीकडे आपले लक्ष कमी जाते. लोक त्या दिवशी निरनिराळ्या गटांनी निघतील ते त्यांना त्यांची कृत्ये दाखविली जावीत म्हणून, असा तिचा आशय आहे. आधी 'दाखविणे' येते. मला वाटते, मुलाला परिणाम शिकविण्याचा सारा अर्थ या एका शब्दात आहे. त्याला त्याचे कृत्य दाखवावे. मी त्या मुलाला भिजलेली वही हातात घेऊन तिचे पान न् पान उलटायला लावले नाही. कोणत्या पानावर किती मेहनत होती, हे वहीच्या मालकाकडून त्याला ऐकविले नाही. मी त्याला छडी दाखविली आणि छडीमागे वही दिसेनाशी झाली.

दाखविण्यापूर्वी मात्र विचारावे लागते. राफिअ बिन अम्र गिफारी (रजि.) लहान असताना अन्सारांच्या खजुरीच्या झाडांवर दगड मारीत. त्यांना धरून प्रेषितांकडे आणण्यात आले. प्रेषितांनी विचारले, की झाडांवर दगड का मारतोस? मुलाने खरे ते सांगितले: खाण्यासाठी. तेव्हा दगड मारू नकोस, खाली पडलेले खात जा, असे त्यांनी समजावले, त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि अल्लाहने त्याचे पोट भरावे अशी दुआ केली. तक्रार घेऊन आलेल्यांची झाडे वाचली आणि भुकेल्या मुलाला वाट मिळाली. त्या 'का'मुळे एक भूक उघडकीस आली. आम्हीही वर्गात 'का केलेस' असे ओरडून विचारतो, पण उत्तर ऐकण्यासाठी नव्हे. मुलगा बोलू लागला की म्हणतो, उलट उत्तर देतोस? हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची सेवा केली आणि त्यांना एकदाही 'असे का केलेस' हा शब्द ऐकावा लागला नाही, असे ते स्वतः सांगतात. एकदा कामाला पाठविलेले असताना ते बाजारात मुलांचा खेळ बघत रेंगाळले. प्रेषितांनी मागून येऊन त्यांची मान हळूच धरली आणि हसत लाडक्या नावाने हाक मारून विचारले, की सांगितलेल्या ठिकाणी गेलास का? राफिअला विचारलेला 'का' आणि अनसना कधीच न विचारलेला 'का' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक जाणून घेण्यासाठी असतो, दुसरा टोचण्यासाठी.

सायकलवाल्या गृहस्थांच्या भेटीनंतर काही वर्षांनी अशीच एक घटना घडली. एका मुलाने भांडणात दुसऱ्याचा कंपास तुडवून मोडला. या वेळी मी छडी घेतली नाही. मोडणाऱ्याने रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून वाचनालयाची पुस्तके नीट लावावीत, आणि त्याबद्दल शाळेने कंपास घेऊन द्यावा, असे त्याच्या वडिलांच्या संमतीने ठरविले. मोठे यश मिळाले असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. मुलाने पहिले तीन दिवस तोंड वाकडे करून काम केले आणि निम्मी पुस्तके उलटी लावली. नवा कंपास त्याने स्वतःच्या हाताने दिला, तेव्हा घेणाऱ्याने तो घेतला, पण बोलला नाही. सहकारी म्हणाले, आता दोघांचे हात मिळवून द्या, एकाला सॉरी म्हणायला लावा, दुसऱ्याला माफ केले म्हणायला लावा. मी नको म्हटले. हक्क परत मिळणे हा त्याचा अधिकार होता, माफ करणे ही त्याची मर्जी होती. माफीचे फार मोठे पुण्य आहे, परंतु ते शिक्षकाच्या धाकाने वसूल केलेल्या माफीचे नाही. अशा वेळी दुखावलेल्या मुलावर दुसऱ्यांदा अन्याय होतो आणि तोही सलोख्याच्या नावाने. ती दोन मुले पुढे मित्र झाली नाहीत. एकमेकांच्या वस्तूंना मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

ही पद्धत वेळखाऊ आहे, हे मी मान्य करतो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, आठ तासिका आणि त्यात जनगणनेची नि निवडणुकीची कामे अंगावर असताना, प्रत्येक मोडलेल्या पेन्सिलीची चौकशी कोण करणार? छडीचे खरे आकर्षण तिच्या न्यायात नाही, ती एका मिनिटात संपते यात आहे. शिक्षकाला दोष देणाऱ्या पालकांनी आणि संस्थाचालकांनी त्याला हा वेळ मिळवून देण्याचाही विचार करावा. तरीही सर्वच प्रकरणे एवढी मोठी नसतात. इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये सांगितले आहे, की मुलाच्या हातून पहिल्यांदा चूक घडली आणि तो ती झाकू पाहत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करावे, त्याचा पडदा फाडू नये. पुन्हा घडल्यास एकांतात समजवावे. सतत बोलत राहिल्याने बोल खाण्याची सवय लागते आणि शब्दांचे वजन जाते. दुसऱ्या कोणाचा हक्क बुडालेला नसेल तेथे या सल्ल्याने शिक्षकाचा निम्मा वेळ वाचेल असे मला वाटते. आजकाल वर्गावर्गांत कॅमेरे बसविले जात आहेत. कॅमेऱ्याला दुर्लक्ष करता येत नाही आणि मुलांना कोणता कोपरा त्याच्या नजरेआड आहे हे पहिल्याच आठवड्यात कळते. लुकमान यांनी आपल्या मुलाला खडकात दडलेल्या मोहरीच्या दाण्याची गोष्ट सांगितली, की अल्लाह तोही बाहेर आणील. पण ती सांगताना त्यांनी त्याला 'माझ्या बाळा' म्हणून जवळ घेतले होते. अल्लाह पाहतो आहे, हे वाक्य कोणत्या स्वरात सांगितले जाते यावर मूल त्याच्यापासून पळेल की त्याच्याकडे जाईल, हे ठरते.

मागच्या वर्षी त्या जुन्या गावी जाण्याचा योग आला. ज्याला मी सहा छड्या मारल्या होत्या तो आता तेथेच मोबाइलचे दुकान चालवितो. त्याने मला ओळखले, चहा मागविला आणि गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगितले, की या सरांच्या हातचा मार खाऊनच आम्ही माणसात आलो. असे बोल ऐकून पूर्वी मला समाधान वाटत असे. त्या दिवशी मी त्याला विचारले, की मार कशासाठी खाल्ला होता ते आठवते का? तो बराच वेळ विचार करीत राहिला. मग हसून म्हणाला, "ते नाही आठवत सर, पण छड्या सहा होत्या."

मी त्याला वहीची आठवण करून दिली आणि त्याच्या छड्यांबद्दल माफीही मागितली. तो गडबडून गेला. दुसऱ्या मुलाचे नाव सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला. एसटी स्टँडसमोर सायकलचे दुकान आता नाही. ते कुटुंब पुण्याकडे गेल्याचे शेजारच्या पानवाल्याने सांगितले. मोबाइलवाल्याने त्याचा नंबर शोधून देतो म्हणून माझ्याकडून पूर्ण नाव लिहून घेतले आहे. परवा त्याचा फोन आला होता, की नंबर मिळाला आहे, पण सर, आधी तुम्ही बोलता की मी बोलू?